गाडीच्या रिमोटचा सेल घरीच बदला, पण नीट बदला

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, आली की लातूर जिल्ह्यातली गावं आणि शहरं शेताकडे निघतात. लातूरला लागून असलेल्या नांदेडच्या भागातही तेच चित्र असतं. बांधाला गाड्या लागतात, भज्जी-आंबिलाची पातेली उतरतात, लेकरं हरभऱ्यात शिरतात. परत निघताना कोणीतरी रिमोट दाबतो आणि दार उघडत नाही. पुन्हा दाबतो, गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबतो, तरी काही नाही. अशा वेळी चारचौघांकडून दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, "आता गाडी चालूच होणार नाही." दुसरी, "शोरूमला न्या, प्रोग्रॅमिंग करावं लागतंय." बहुतेक गाड्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.

रिमोटचा सेल बदलणं हे घरात, टेबलावर, दहा मिनिटांत होणारं काम आहे. त्यासाठी तीन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: सेलचा क्रमांक, तो बसवण्याची बाजू आणि काढलेला जुना सेल कुठे ठेवायचा. यातली तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि लहान मूल असलेल्या घरात तीच सर्वांत महत्त्वाची असते. या लेखात 'सेल' म्हणजे चावीतला नाण्यासारखा चपटा सेल आणि 'बॅटरी' म्हणजे बॉनेटखालची १२ व्होल्टची मोठी बॅटरी, असं धरून चालू.

चावीच्या आत काय असतं

चावीच्या प्लॅस्टिकमध्ये दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. त्यांतला फरक कळला की निम्मी धास्ती जाते.

पहिली यंत्रणा रिमोटची. बटन दाबलं की चावी रेडिओ लहरींवर एक सांकेतिक संदेश पाठवते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर वापरतात. संदेश गाडीला पोचला की सेंटर लॉक उघडतं किंवा लागतं. हे काम सेलवर चालतं.

दुसरी यंत्रणा इमोबिलायझरची. चावीत एक बारीकशी चिप असते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती किंवा स्टार्ट बटनाच्या मागे तारेचं वेटोळं असतं. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला क्षणभरापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन चालू होतं. म्हणून सेल पूर्ण संपला तरी गाडी चालू करता येते.

पुश बटन गाड्यांच्या स्मार्ट चावीत आणखी एक काम वाढतं. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता किंवा स्टार्ट बटन दाबता तेव्हा गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हाक देते आणि चावी तिला उत्तर देते. ही हाक ऐकण्यासाठी चावी खिशात असतानाही सतत जागी असते. त्यामुळे स्मार्ट चावीचा सेल साध्या रिमोटपेक्षा लवकर उतरतो. साध्या फोल्डिंग चावीत सेल दोन ते चार वर्षं सहज जातो. स्मार्ट चावीत एक-दोन वर्षांनी तो बदलायची तयारी ठेवावी.

सेल उतरत आल्याच्या खुणा

सेल सहसा एकाएकी दगा देत नाही. आधी पल्ला कमी होतो. पूर्वी अंगणातून लागणारं लॉक आता गाडीच्या दोन पावलांवर गेल्याशिवाय लागत नाही. मग बटन दोन-तीनदा दाबावं लागतं. चावीवरचा लहान दिवा मंद होतो किंवा लागतच नाही. बऱ्याच पुश बटन गाड्यांत मीटरच्या पडद्यावर चावीचा सेल कमी झाल्याची सूचना येते. ती दिसल्यावर आठवडाभरात सेल बदलून टाकावा.

ही लक्षणं आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत अधिक दिसतात, आणि त्याला कारण आहे. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. बटन दाबताच क्षणभर जास्त वीज लागते, ती द्यायला जुना सेल कमी पडतो. लातूर-नांदेडकडे पहाटेचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरलं की उतरत आलेला सेल सकाळी हटतो आणि दुपारी ऊन तापल्यावर पुन्हा चालायला लागतो. "दुपारी चालला, म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. तो सेल बदलायला झालेला आहे.

नवा सेल विकत घेण्याआधी गाडीची दुसरी चावी वापरून पाहा. दुसरी चावी व्यवस्थित चालली तर दोष पहिल्या चावीत आहे, आणि तो बहुधा सेलचाच असतो. दोन्ही चालत नसतील तर गाडीकडे पाहा. आतले दिवे मंद आहेत का, हॉर्न बारीक वाजतो का? तसं असेल तर मोठी बॅटरी उतरली आहे, चावी उघडून उपयोग नाही. एखाद्याच ठिकाणी रिमोट चालत नसेल आणि इतरत्र चालत असेल, तर तिथल्या एखाद्या ताकदवान रेडिओ यंत्रणेचा अडथळा येत असण्याची शक्यता आहे.

घरात मल्टिमीटर असेल तर डीसीच्या २० व्होल्टच्या खुणेवर ठेवून सेल मोजता येतो. नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. आकडा २.८ च्या खाली आला तर बदला. मात्र मीटरवर ठीक दिसणारा जुना सेलही प्रत्यक्ष भार पडल्यावर कोसळू शकतो. पल्ला कमी झाला असेल तर मीटरपेक्षा त्या लक्षणावर विश्वास ठेवा.

क्रमांक वाचायला शिका

सेलच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो: सीआर २०३२, सीआर २०२५, सीआर २०१६, सीआर १६३२, सीआर १६२०, सीआर १६१६. या क्रमांकातच सगळी माहिती आहे. 'सी' म्हणजे आतलं रसायन, लिथियम आणि मँगेनीज डायऑक्साइड. 'आर' म्हणजे गोल आकार. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, मिलिमीटरमध्ये. शेवटचे दोन आकडे म्हणजे जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत. म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड.

हे सगळे सेल ३ व्होल्टचेच असतात, म्हणून दुकानदार कधी कधी "हा पण चालतो" म्हणून जवळचा क्रमांक हातात देतो. तो घेऊ नका. २०३२ च्या जागी २०२५ बसवला तर ०.७ मिलिमीटरची फट राहते. गाडी खड्ड्यात आदळली किंवा चावी हातातून पडली की संपर्क तुटतो. शिवाय २०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो, तर २०२५ मध्ये सुमारे १६०. उलट २०२५ च्या जागी २०३२ कोंबला तर संपर्काची पितळी पट्टी वाकते आणि झाकण नीट बसत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे २०१६ चे दोन सेल एकावर एक ठेवून २०३२ ची जाडी भरून काढणं. जाडी तंतोतंत जुळते, पण व्होल्टेज तीनाऐवजी सहा होतं आणि चावीतलं सर्किट जळू शकतं. काही चाव्या मुळातच दोन सेलसाठी बनवलेल्या असतात, तिथली गोष्ट वेगळी. जिथे एक निघाला तिथे एकच बसवायचा.

एलआयआर २०३२ असा क्रमांक दिसला तर तो चार्जिंगचा सेल आहे. पूर्ण भरल्यावर तो चार व्होल्टच्या वर जातो आणि त्याचा साठाही फार कमी असतो. रिमोटमध्ये तो नको.

आपल्या चावीला कोणता क्रमांक लागतो हे कळण्याचे दोन खात्रीचे मार्ग आहेत: डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असलेलं गाडीचं माहितीपुस्तक आणि चावीतून निघालेला जुना सेल. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत क्रमांक बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. अलीकडच्या स्मार्ट चाव्यांत २०३२ फार आढळतो. जुन्या, पातं बाहेर असलेल्या चाव्यांत १६ मिलिमीटर व्यासाचे बारीक सेल आढळतात. तरीही आधी पाहायचं आणि मगच घ्यायचं.

दुकानात काय पाहायचं

नांदेडला वजिराबाद आणि लातूरला गंजगोलाई, या बाजारांत घड्याळाच्या, मोबाइलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात हे सेल मिळतात. लोहा, अहमदपूर, उदगीर, देगलूर अशा तालुक्याच्या गावीही घड्याळवाल्याकडे चौकशी करावी. चांगल्या कंपनीचा एक सेल शंभर रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीत मिळतो.

सेल बंद पाकिटातलाच घ्या. पाकिटावर तारीख छापलेली असते, ती पाहा. बंद पाकिटात हे सेल आठ-दहा वर्षं टिकतात, कारण वर्षाला जेमतेम एक टक्का साठा आपोआप कमी होतो. पण काचेच्या बरणीत सुटे, एकमेकांवर घासत ठेवलेले सेल आपसांत शॉर्ट होऊन आधीच उतरलेले असू शकतात. नावाकडेही लक्ष द्या. सोनी कंपनीने आपला बॅटरीचा व्यवसाय २०१७ मध्ये मुराता या कंपनीला दिला. त्यामुळे आज कोणी सोनीचं नाव छापलेला 'ताजा' सेल देत असेल तर तो बराच जुना तरी असेल, नाहीतर नकली.

काही कंपन्या मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात. ही चांगली सोय आहे. पण एखाद्या चावीत हा लेप संपर्काच्या आड येतो आणि नवा सेलही चालत नाही. तसं झालं तर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन संपर्काची जागा पुसा, काम होतं.

सेल दुकानातच बदलून घेणार असाल तर चावी नजरेआड जाऊ देऊ नका. समोर उघडायला लावा, समोर बंद करायला लावा.

चावी उघडण्याआधी

पंख्याखाली, सोफ्यावर किंवा गाडीच्या सीटवर हे काम करू नका. टेबलावर पांढरं फडकं पसरा. चपट्या टोकाचा बारीक पेचकस, चिकटपट्टी, लाकडी काडी, थोडा कापूस आणि स्पिरिट जवळ ठेवा. लहान मुलं दुसऱ्या खोलीत असू द्या. नवा सेल पाकिटातच राहू द्या, जुना बाहेर आल्यावरच तो फोडा. हात कोरडे करा आणि हवा कोरडी असेल तर एखाद्या धातूच्या वस्तूला आधी स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज सर्किटवर उतरणार नाही.

पेचकसाच्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा द्या. चावीवर ओरखडे येणार नाहीत आणि टोक घसरून हातालाही लागणार नाही.

स्मार्ट चावी (पुश बटन गाड्यांची)

१. चावीच्या बाजूचा किंवा मागचा छोटा खटका सरकवा आणि आत दडलेली धातूची चावी ओढून काढा.

२. ती निघाली त्या जागी एक खाच दिसेल. पेचकसाचं टोक त्या खाचेत ठेवून हलकेच फिरवा. जोर लावून उचकटू नका. एक बाजू सुटली की नखाने किंवा काडीने कडेकडेने पुढे जा.

३. उघडताना बटनांची बाजू खाली ठेवा, म्हणजे आतलं रबर निसटणार नाही.

४. सेल दिसला की काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. कोणती बाजू वर होती, यावर नंतर घरात वाद होणार नाही.

५. सेलच्या कडेला जिथे बोट जाईल अशी फट असते तिथून लाकडी काडीने तो उचला. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरू नका, सेल शॉर्ट होतो.

६. नवा सेल कडेने धरा. चपट्या बाजूंवर बोटांचा घाम लागला असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. जुना जसा होता तसाच, पितळी पट्टीखाली सरकवून बसवा.

७. रबरी कडा खाचेत नीट आहे ना ते पाहा. पाणी-धूळ अडवण्याचं काम तीच करते. मग दोन्ही भाग जुळवून सगळीकडून दाबा. 'टक' आवाज आला की झाकण बसलं.

बाजू ओळखायची सोपी खूण म्हणजे रुंद, सपाट आणि नाव-क्रमांक कोरलेली बाजू धन. तिच्यावर अधिकचं चिन्हही असतं. दुसरी, किंचित लहान आणि कडेला खाच असलेली बाजू ऋण. बऱ्याच चाव्यांत धन बाजू खाली जाते आणि क्रमांक दिसत नाही. "लिहिलेली बाजू वर" असा नियम मनाने करू नका. चावीच्या आत कोरलेलं चिन्ह आणि तुमचा फोटो यांवरच चाला.

फोल्डिंग चावी

आधी बटन दाबून पातं उघडा. पातं उघडल्यावर कडेला एक खाच दिसते. काही चाव्यांत मागच्या बाजूला सेलपुरतं वेगळं छोटं झाकण असतं. तसं असेल तर तेवढंच उघडा. अख्खी चावी दुभागली तर पात्याची स्प्रिंग उडून बाहेर येते आणि ती पुन्हा बसवणं कटकटीचं होतं. बाकी कृती वरच्याप्रमाणेच.

स्क्रूची जुनी चावी

काही जुन्या चाव्यांत पाठीवर अगदी बारीक, चौफुलीच्या टोकाचा स्क्रू असतो. घड्याळ किंवा चष्मा दुरुस्तीचा पेचकस त्याला बसतो. स्क्रू काढून झाकण उघडलं की आत रिमोटचा एक छोटा वेगळा डबा निघतो आणि सेल त्या डब्यात असतो.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळा. इमोबिलायझरची चिप काही चाव्यांत सर्किटवर नसून प्लॅस्टिकच्या खोबणीत नुसती बसवलेली असते. दिसायला ती काळ्या खड्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. चावी उघडताना ती घरंगळून पडली आणि झाडूबरोबर गेली, तर रिमोट चालेल, दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही. बाजारात चावीचं नवं कव्हर बसवून घेतानाही ही चिप जुन्या कव्हरात राहून जाते. कव्हर बदललं असेल तर तिथेच, दुकानदारासमोर, गाडी चालू करून पाहा. तोवर जुनं कव्हर फेकू देऊ नका.

नवा सेल घालूनही रिमोट चालत नसेल

आधी साध्या शक्यता तपासा. सेल उलटा बसला का? क्रमांक तोच आहे का? पितळी पट्टी सेलला टेकते आहे का? पट्टी दबलेली असेल तर काडीने अगदी किंचित वर उचला. संपर्काच्या जागी हिरवट-पांढरा थर असेल तर स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पाणी वापरू नका. पावसाळ्यात भिजलेल्या किंवा घामाच्या खिशात राहिलेल्या चाव्यांत हा थर हमखास सापडतो.

हे सगळं ठीक असेल तर चावीने गाडी एकदा चालू करा आणि मग लॉकचं बटन दाबा. काही गाड्यांत एवढ्याने जुळणी परत होते. रिमोट दर वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवतो आणि गाडी पुढचे ठरावीक आकडेच ओळखते. गाडी दूर असताना घरात लेकरांनी बटनं खूप वेळा दाबली तर चावी गाडीच्या फार पुढे निघून जाते आणि जुळणी सुटते. ती परत करण्याची रीत प्रत्येक गाडीत वेगळी आहे, माहितीपुस्तकात पाहा.

सेल काढला म्हणजे चावीचं 'प्रोग्रॅमिंग' उडतं, हा समज मात्र बहुतेक गाड्यांबाबत चुकीचा आहे. चावीची ओळख अशा स्मृतीत साठवलेली असते जी वीज नसतानाही टिकते. नुसत्या सेलसाठी कोणी प्रोग्रॅमिंगचे पैसे मागत असेल तर कशासाठी ते विचारा. चावी पाण्यात पडली, चिप हरवली किंवा सर्किट जळलं, तरच तो खर्च रास्त असतो.

वाटेतच सेल संपला तर

नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याला किंवा शिरूर ताजबंदला चहाला थांबलात आणि रिमोट हटला, तर घाबरायचं कारण नाही.

साध्या किंवा फोल्डिंग चावीने ड्रायव्हरचं दार कुलपात पातं घालून उघडा, नेहमीसारखी इग्निशनला चावी लावा आणि निघा.

स्मार्ट चावी असेल तर आतली धातूची चावी काढा. कुलूप दिसत नसेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर बारकाईने पाहा. बऱ्याच गाड्यांत ते छोट्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. असं दार उघडल्यावर चोर-अलार्म वाजू शकतो. वाजू द्या, गाडीने चावी ओळखली की तो थांबतो. आत बसून ब्रेक दाबा, गिअरची गाडी असेल तर क्लचही. मग स्मार्ट चावी स्टार्ट बटनाला टेकवा आणि बटन दाबा. काही गाड्यांत चावीच्या टोकानेच बटन दाबायचं असतं. काहींत मधल्या कन्सोलवर किंवा कप ठेवण्याच्या जागी चावीचं चित्र असतं, चावी तिथे ठेवायची. आपल्या गाडीची रीत कोणती, हे आज घरी असतानाच एकदा करून पाहा. अंधारात, कुटुंब सोबत असताना माहितीपुस्तक वाचत बसण्याची वेळ येऊ नये.

जुना सेल आणि लहान मूल

हा भाग घाईत वाचू नका.

रिमोटला पुरत नाही म्हणून काढलेला सेल आपल्या दृष्टीने निकामी असतो. प्रत्यक्षात त्यात अजून अडीच व्होल्टच्या वर दाब शिल्लक असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या आवरणातून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होतं आणि पेशी जळायला लागतात. गंभीर इजा दोन तासांतही होऊ शकते. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. २० मिलिमीटर रुंदीचे सेल सर्वांत घातक, कारण तेवढा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. आणि गाडीच्या चावीत तोच आकार सर्रास असतो.

मूल काही सांगू शकत नाही. अचानक लाळ गळणं, खोकला, उलटी, घास नाकारणं, छातीशी हात नेणं, एवढंच दिसतं. सेल हरवला असेल आणि यातलं काहीही दिसलं, किंवा काही दिसलं नाही तरी गिळल्याची नुसती शंका आली, तर एक्स-रेची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात ताबडतोब न्या. १०८ ला फोन करा. "शीतून निघून जाईल" म्हणून वाट पाहू नका. उलटी करायला लावू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "बटन सेल गिळलाय" असं सांगा आणि रिकामं पाकीट किंवा तसाच दुसरा सेल सोबत न्या. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखाच दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. डॉक्टरांना ते शोधायचं आहे हे आधी कळलेलं बरं.

मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देण्याचा सल्ला विषबाधा-उपचारातले तज्ज्ञ देतात, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे जळण्याचा वेग थोडा कमी होतो. मात्र मध हा उपचार नाही. तो शोधण्यात एक मिनिटही घालवू नका आणि एक वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात देऊ नका. मध सोडून दुसरं काहीही खायला-प्यायला देऊ नका. नाकात किंवा कानात सेल गेला तरी घाई तेवढीच करायची.

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पण किनवट, मुखेड, निलंगा किंवा उदगीरकडे असाल तर आधी जवळच्या रुग्णालयात एक्स-रे काढून पुढची व्यवस्था तिथूनच लावून घ्या, म्हणजे मोठ्या रुग्णालयाला तुम्ही पोचण्याआधी निरोप मिळेल.

हे सगळं टाळण्याची कृती अर्ध्या मिनिटाची आहे. जुना सेल बाहेर आल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा झाकणाच्या डबीत टाका. खिडकीत, टीव्हीच्या टेबलावर किंवा खिशात ठेवू नका. चावीचं झाकण सैल झालं असेल, तडकलं असेल तर कव्हर बदला. तुटकी चावी मुलाला खेळायला कधीच देऊ नका.

जुना सेल टाकायचा कुठे

चुलीत, शेकोटीत किंवा कचऱ्याच्या ढिगाला लावलेल्या आगीत सेल टाकू नका, तो फुटतो. उकिरड्यावरही नको, तिथून तो शेतात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपण वापरणाऱ्यांनी एवढंच करायचं, की सेल इतर कचऱ्यात मिसळायचे नाहीत. चिकटपट्टी लावलेले सेल डबीत साठवा आणि घंटागाडीत देताना ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे, सांगून द्या. इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करण्याची मोहीम असेल तेव्हा तिथे नेऊन दिले तर उत्तम.

सेल जास्त टिकवण्यासाठी

स्मार्ट चावी गाडीच्या अगदी जवळ, पोर्चच्या भिंतीवर टांगू नका. गाडी आणि चावी एकमेकींच्या टप्प्यात राहिल्या तर संवाद चालू राहतो आणि सेल झिजतो. टीव्ही, चार्जर, संगणक आणि इंडक्शन शेगडीजवळही चावी नको, त्यांच्या लहरींनी चावी उगाच जागी होत राहते. मोबाइल आणि चावी एकाच खिशात ठेवू नका.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. उष्णतेत सेल लवकर उतरतो. चावी तिथे ठेवायची नाही, आणि जादा सेलही गाडीत ठेवायचा नाही, तो घरीच बंद पाकिटात, थंड जागी ठेवायचा. पावसाळ्यात शेतात जाताना चावी छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

घरातली दुसरी चावी वर्षानुवर्षं कपाटात पडून असते आणि पहिली हरवते त्याच दिवशी तिचा सेल मेलेला निघतो. दर तीन-चार महिन्यांनी तीही वापरा. स्मार्ट चावी असेल तर दोन्ही चाव्यांचे सेल एकदमच बदला.

आता गाडीचं माहितीपुस्तक काढा, सेलचा क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला, नव्याने शिकलेल्या मुला-मुलीलाही, सेल संपल्यावर दार कसं उघडायचं आणि गाडी कशी चालू करायची हे एकदा त्यांच्याच हाताने करायला लावा.